पाच फुटांचा सोफा

हुंगकाकांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि या अविश्वासाबद्दल त्यांना उभी हयात दरमहा पगार मिळाला.

कौलूनमध्ये एक जुनं, मोठं दुकान होतं. तळमजल्यावर औषधी मुळ्या आणि सुकवलेले शिंपले, मधल्या मजल्यावर चिनीमातीची भांडी, सगळ्यात वर रेशमी रजया. त्या दुकानात हुंगकाका साध्या कपड्यांत फिरत. हातात पिशवी, पायात मळके बूट, चेहऱ्यावर ‘बायकोनं काय बरं आणायला सांगितलं होतं’ असा हरवलेला भाव. गिऱ्हाइकांना वाटे, हाही आपल्यातलाच एक. प्रत्यक्षात मालकांनी त्यांना चोर पकडायला ठेवलं होतं. पगारपत्रकावर त्यांचं नाव हुंग पाक-तोंग होतं, पण दुकानात सगळे हुंगकाकाच म्हणत, आणि म्हणताना नकळत स्वतःचे खिसे चाचपत.

त्यांची काही ठाम मतं होती. खरं गिऱ्हाईक वस्तूकडे बघतं, चोर माणसांकडे बघतो. खोटं बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विचारायचं कधीच नाही. विचारलं की समोरचा सावध होतो. गप्प राहून बघत राहायचं, पाणी कुठे मुरतंय ते आपोआप कळतं.

दुकान बंद पडलं, काका घरी बसले, पण नजर काही घरी बसेना. भाजीवालीचा अंगठा तराजूच्या कोणत्या बाजूला आहे, शेजाऱ्याची छत्री कालच्यापेक्षा नवी कशी, रखवालदाराला एवढं महागाचं घड्याळ कुठून आलं, सगळ्याची नोंद त्यांच्या डोक्यात व्हायची. त्यांची बायको हयात असताना म्हणायची, “आमच्या लग्नात लोक नवरीकडे बघत होते, आणि हे बघत होते आहेराची पाकिटं कोण उचलतंय ते.” ती गेली तेव्हा मुलगी पो-लिन शाळेत होती. आता पो-लिन चाळिशीला टेकली होती आणि एका रुग्णालयात एक्स-रे काढायचं काम करत होती. बाप माणसाच्या खिशातलं ओळखायचा, लेक बरगडीतलं. घरात मात्र दोघंही एकमेकांना फारसं काही दाखवत नसत.

घर म्हणजे सरकारी वसाहतीतली एक खोली. लाकडी फळ्यांचा आडोसा घालून आतला भाग लिनला दिलेला. बाहेर, दाराला लागून, काकांची घडीची खाट. रात्री उघडायची, सकाळी मिटून भिंतीला टेकवायची. “चोर आला तर पहिली गाठ माझ्याशी,” असं ते म्हणत. इतकी वर्षं चोर काही आला नाही, कारण घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, आणि हे चोरांनाही ठाऊक होतं.

मग सोडतीत लिनचा नंबर लागला. ताय पो भागात, डोंगराच्या बाजूला, नव्या कोऱ्या इमारतीत घर. किल्ली मिळाली त्या दिवशी दोघं बघायला गेले. एक बेडरूम, एक दिवाणखाना, आणि स्वयंपाकघर असं की कढईतला मासा उलटताना कोपर बाहेर काढावं लागेल. काकांनी दिवाणखाना पावलांनी मोजला. लांब भिंत नऊ फूट.

“बेडरूम तुला,” ते म्हणाले. “मला काय, मी सोफ्यावर पडेन.”

हे ते मोठ्या मनाने म्हणाले होते, आणि मोठ्या मनाने बोललेल्या माणसाला समोरून थोडा तरी विरोध व्हावा अशी अपेक्षा असते. लिन नुसतीच म्हणाली, “बघू.”

तो ‘बघू’ काकांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

पुढच्या रविवारी दोघं शा-तिनला गेले. तिथे एका इमारतीचे सगळे मजले फर्निचरच्या दुकानांनी भरलेले आहेत. माणसं सोफ्यांवर बसून आइस्क्रीम खातात आणि काही न घेता घरी जातात. काकांनी मनाशी पक्कं केलं होतं, ओढला की पलंग होणारा सोफा घ्यायचा. दुकानात शिरताच त्यांना तसा एक दिसलाही. राखाडी, साडेसहा फूट लांब. त्यांनी त्याच्या पोटाखालचा पट्टा ओढला. आतून गादी आज्ञाधारकपणे बाहेर आली.

“लिन, हा बघ.”

“नको,” लिन म्हणाली.

ती सोफ्याकडे बघतही नव्हती. तिने पाठ वळवलेली होती. काकांच्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली ती तेव्हा.

“अगं, बसून तरी बघ.”

“बाबा, ही ओढायची यंत्रं वर्षभरात मोडतात. मग ना धड सोफा, ना धड पलंग.”

“मग तो निळा?”

“तोही नको. आपल्याला पाच फुटांचा हवा. त्यावर एक इंचही नको.”

“भिंत तर नऊ फुटांची आहे.”

“बाकी जागेत झाडं ठेवायचीत मला. कुंड्या. मोठ्या पानांची असतात ना ती, हवा शुद्ध करणारी. रुग्णालयातल्या एका मैत्रिणीकडे आहेत. तिला सर्दीसुद्धा होत नाही हल्ली.”

लिनने आयुष्यात एकच झाड लावलं होतं, आणि ते निवडुंग असूनही वाळलं होतं. त्यात ती विचारल्यापेक्षा कितीतरी जास्त बोलली होती.

विक्रेत्याचं नाव मोक. कानावर पेन, दातांत हसू, आणि प्रत्येक वाक्यात एकदा ‘मॅडम’. लिनने दोन माणसांपुरता एक आखूड सोफा पसंत केला. मोहरीच्या रंगाचा, बारीक लाकडी पायांचा. काका त्यावर आडवे होऊन बघायला गेले तर गुडघ्यापासून पुढचे पाय हवेत.

“काका, हा झोपायचा नाही, बसायचा आहे,” मोक हसून म्हणाला.

“ते दिसतंय मला,” काका म्हणाले.

आणि मोकने लिनकडे बघून हलकेच मान डोलावली. दोन माणसांचं आधीच ठरलेलं असतं तेव्हा तशी मान डोलते. काकांनी असे जोडीने चोरी करणारे शेकड्यांनी पाहिले होते. एक जण विक्रेत्याला बोलण्यात गुंतवतो, दुसरा माल पिशवीत सारतो. इथे माल कोणता, तेवढंच कळत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस काकांनी कामाला लागल्यासारखे काढले. लिनचा फोन वाजला की ती बाहेरच्या व्हरांड्यात जायची. फोनवर नाव यायचं ‘बिंग’. काका भांडी घासायचं निमित्त करून खिडकीशी उभे राहायचे. एकदा वाक्य कानावर पडलं ते असं: “नाही, त्यांना अजून सांगितलं नाही. आधी सांगितलं तर नाहीच म्हणतील. एकदा सगळं झालं की मग काय बोलणार?”

काकांनी घासून झालेली बशी पुन्हा घासायला घेतली.

नवं घर पुन्हा दाखव म्हटलं की लिन म्हणे, “सिमेंटची धूळ आहे बाबा, तुमचा खोकला वाढेल.” आणि एका संध्याकाळी पेज खाता खाता तिने सहज विचारलं, “बाबा, तुमची उंची किती हो?”

“का?”

“असंच.”

“म्हातारपणी माणूस आखडतो,” काका म्हणाले. “जरा वाढवूनच धर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हे सगळं पुनबाईंपुढे मांडलं. पुनबाई काकांच्या जुन्या दुकानात गल्ल्यावर बसायच्या. काकांनी चोर पकडून आणला की त्याच्यासमोर ‘शिरा पडो तुझ्या तोंडावर’ म्हणण्याचं काम त्या बिनपगारी करत. आता दोघं रोज सकाळी एका चहाघरात एकाच टेबलावर बसत. पुनबाई उकळत्या पाण्यात कप, बशा, खायच्या काड्या दोनदा बुचकळून काढत, कारण त्यांचाही चहाघरावर विश्वास नव्हता.

“उंची विचारली?” पुनबाईंनी वाफवलेल्या सिउ-मायचा घास तोंडाशीच थांबवला. “अहो हुंग, माणसाची उंची दोनच ठिकाणी लागते. एक शवपेटीवाल्याला.”

“थुंका आधी! सकाळी सकाळी काय बोलता?”

“आणि दुसरी वृद्धाश्रमाला. तिथले पलंग मापाचे असतात. आमच्या मजल्यावरच्या लिउंगचं असंच झालं. आधी नवं घर, मग नवे पडदे, मग सून म्हणाली, बाबा, चार दिवस हवापालटाला जाऊन या. गेले. तिसरं वर्ष आहे, अजून हवाच पालटतेय.”

“लिन तशी नाही.”

“मी कुठे म्हटलं ती तशी आहे? मी म्हटलं, उंची विचारली.” पुनबाईंनी चहा ओतला. “आणि तो बिंग कोण?”

“तेच कळत नाही.”

“तुम्हाला कळत नाही? पायमोज्यात लपवलेला मोती ओळखणाऱ्या माणसाला? कळतंय तुम्हाला. पण मानून घेत नाही आहात.”

काका तिथूनच शा-तिनला गेले. मोक त्यांना बघून लांबूनच हसला. काकांनी थेट काही विचारलं नाही. आधी हवेबद्दल बोलले, मग गुडघ्यांबद्दल, मग मोहरी रंगाच्या सोफ्यावर बसून हात फिरवत म्हणाले, “आमच्या लिनला दुसऱ्यांदा येऊन बघितल्याशिवाय चैन पडत नाही.”

“हो ना,” मोक म्हणाला. “परवा आल्या होत्या ना मॅडम त्या गृहस्थांबरोबर. त्यांनी तर सोफा उलटा करून पाय ठोकून बघितले. दोघांनी शेजारी बसूनही बघितलं. दोघांना अगदी मापात बसतो.”

“दोघांना,” काका म्हणाले.

“अगदी मापात.”

समोरच्या सोफ्यावर एक कुटुंब आइस्क्रीम खात होतं. इतकं सरळ प्रकरण होतं, आणि इतके दिवस आपण झाडांच्या कुंड्यांत शोधत होतो. लिन लग्न करणार. बेडरूम त्या दोघांची, सोफा त्या दोघांचा. दाराशी खाट टाकून झोपणारा म्हातारा कोणाला हवा? तिचंही काय चुकलं? चाळिशी आली, बापाच्या फळीपलीकडे किती वर्षं काढायची? हे सगळं त्यांना पटत होतं. पण सांगायचं तरी होतं. हवापालट म्हणायची गरज नव्हती.

मग ते उठले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका दुकानात लबाडी केली.

“मोक,” ते म्हणाले, “ती ऑर्डर बदला. तो राखाडी, ओढायचा, तो पाठवा. फरकाचे पैसे मी देतो.”

“मॅडमना फोन करून...”

“फोन करू नका. तिला अचानक आनंद द्यायचाय.”

मोठा सोफा विकला जात असताना कोणता विक्रेता खोलात जातो? मोकने कानावरचं पेन काढलं. काका घरी येताना मनाशी म्हणत होते, एकदा पलंग होणारा सोफा घरात शिरला की मला बाहेर काढायला त्यांना तोंडाने सांगावं लागेल. सांगू दे तोंडाने.

सोफा यायचा त्या दिवशी लिन सकाळीच बाहेर पडली. कामावर जाते म्हणाली, पण पायात कामाचे पांढरे बूट नव्हते. काका मागच्या गाडीने ताय पोला गेले आणि नव्या इमारतीसमोरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले. ते उघडं होतं इतकंच. त्यांचं सगळं लक्ष फाटकावर होतं. दुपारी टेम्पो आला. दोन हमाल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला राखाडी सोफा उतरवू लागले. लिफ्टमध्ये तो उभा करावा लागला. काका दुसऱ्या लिफ्टने वर गेले.

वर पोचले तेव्हा गोंधळ माजलेला होता. सोफा दारात अर्धा आत, अर्धा बाहेर, असा पाचरीसारखा बसला होता. पुढचा हमाल आतून ओरडत होता, मागचा बाहेरून. आतून एक तिसरा, जड आवाज म्हणत होता, “अहो, हा नाही सांगितलेला! पाच फुटांचा सांगितलाय! हा वळणार कुठे? भिंत आहे पुढे!” आणि त्यावर लिनचा आवाज: “कागद दाखवा मला. कोणी बदलला?”

“मी बदलला,” काका बाहेरून म्हणाले.

सोफ्याच्या पाठीवरून लिनचा चेहरा वर आला.

“बाबा? तुम्ही इथे काय करताय?”

“तू इथे काय करतेयस? तू तर कामावर होतीस.”

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेरचा म्हणाला, “काका, तुमचं ठरू द्या, आम्ही तोवर पाणी पिऊन येतो.” आतला सोफ्यावरून सरपटत बाहेर आला आणि दोघं लिफ्टकडे गेले. आता सोफ्याच्या अलीकडे काका, पलीकडे लिन, आणि तिच्या मागे एक रुंद खांद्यांचा, केसांत भुसा अडकलेला माणूस.

“हा बिंग,” काका म्हणाले. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

“हे बिंग मिस्त्री,” लिन म्हणाली. “सुतार आहेत. तुम्हाला कसं माहीत?”

“नमस्कार,” बिंग मिस्त्री म्हणाला आणि हातातला हातोडा पाठीमागे लपवला.

काकांची नजर त्या हातोड्यावरून पुढे गेली, तेव्हा कुठे त्यांना ती दिसली. दिवाणखान्यात, जिथे मोकळी जागा असायला हवी होती, तिथे एक कोरी भिंत उभी होती. ओल्या रंगाचा वास येत होता. भिंतीत एक दार होतं, दाराला कडी होती.

“ही भिंत कुठून आली?”

“घातली.”

“कशाला?”

“तुमच्या खोलीला,” लिन म्हणाली. तिचा आवाज चढलेला होता. “चार फूट रुंद, सात फूट लांब. पलंग बसतो. मिस्त्री पलंग करणार होते, म्हणून उंची विचारली. दिवाणखान्यात पाचच फूट उरतात, म्हणून पाच फुटांचा सोफा. मिस्त्री दुकानात येऊन माप घेऊन गेले, सगळं ठरलं, आणि आता तुम्ही हे... हे जहाज पाठवलंत!”

“आधी का नाही सांगितलंस?”

“आधी सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?”

काय म्हणाले असते ते काकांना चांगलं ठाऊक होतं. खर्च कशाला, मला काय, मी सोफ्यावर पडेन.

“तुम्हाला काय वाटलं होतं?” लिनने विचारलं.

काकांनी सोफ्यावरचं प्लास्टिक बोटाने दाबलं. “वाटायचं काय. भिंत नऊ फुटांची, सोफा पाच फुटांचा. मला घर दाखवत नाहीस. व्हरांड्यात जाऊन बोलतेस. मला वाटलं, तू लग्न करतेयस. आणि मला आश्रमात ठेवतेयस.”

बिंग मिस्त्रीचे कान लाल झाले. तो वळला आणि आतल्या खोलीत जाऊन उगाच काहीतरी ठोकू लागला.

“मग विचारलं का नाही मला?”

“चोराला विचारलं तर तो नाहीच म्हणतो.”

“आणि चोर नसलेल्याला विचारलं तर?”

“तोही नाहीच म्हणतो,” काका म्हणाले.

लिन हसली असती तर प्रसंग तिथेच सुटला असता. पण ती हसली नाही. ती सोफ्याच्या हातावर रेलली आणि खाली बघत राहिली. काकांनी तिच्या चेहऱ्यावर ते पाहिलं. तीस-एक वर्षं असे चेहरे त्यांनी जवळून पाहिले होते. पिशवी रिकामी करून झाल्यावरही अस्तरात काहीतरी उरलेलं असतं तेव्हा माणूस असा दिसतो. सवयीने ते गप्प राहिले असते. पण सोफा मध्ये होता, आत जाता येत नव्हतं, आणि पाय दुखत होते.

“लिन,” त्यांनी विचारलं, “कधी विचार केला होतास का? आश्रमाचा?”

आतली ठोकाठोक थांबली.

“एकदा,” लिन म्हणाली. “गेल्या हिवाळ्यात. तुम्ही न्हाणीत पडलात ना, तेव्हा. मी रात्रपाळीला असते. मला वाटलं, मी नसताना पुन्हा पडलात तर? जाऊन आले एका ठिकाणी. दाराशी एक म्हातारी खुर्चीत बसली होती. तिने माझा हात धरला, म्हणाली, आज तरी न्यायला आलीस का गं? मी तिला ओळखतही नव्हते. हात सोडवून घेतला आणि निघून आले.”

काकांनी घडी केलेलं वर्तमानपत्र दुसऱ्या हातात घेतलं.

“चौकशीसुद्धा पुरी केली नाही,” ती म्हणाली.

“तेव्हा तू आठवडाभर रोज संत्री आणत होतीस,” काका म्हणाले. “मला कळलं होतं, काहीतरी आहे. काय आहे ते कळलं नव्हतं.”

आपला संशय खरा ठरला की त्यांना नेहमी एक गार समाधान मिळायचं. या वेळी ते मिळालं, पण त्याला चव नव्हती. उलट त्यांच्या डोळ्यांपुढे ती म्हातारी आली आणि लिनने सोडवून घेतलेला हात आला. ही पोर त्या दिवशी घरी येऊन संत्री सोलत बसली होती, आणि आपण तिच्या बोटांकडे बघत होतो, काय लपवतेय म्हणून.

“उठा बाबा, त्यावर बसू नका, घसराल,” लिन म्हणाली. काका केव्हा सोफ्यावर टेकले होते ते त्यांनाच कळलं नव्हतं.

एवढ्यात इमारतीचा व्यवस्थापक लिफ्टमधून बाहेर आला. आग लागली तर लोक पळणार कुठून, हा त्याचा प्रश्न होता. तो त्याने तीन प्रकारे विचारला. फोनवर मोक म्हणाला, प्लास्टिक फाटलंय, आता माल परत घेता येणार नाही. हमाल पाणी पिऊन परतले ते दातकोरणं चघळत आले आणि म्हणाले, आम्हाला अजून दोन ठिकाणी जायचंय. शेवटी बिंग मिस्त्री पुढे झाला. त्याने सोफा डोळ्यांनी मोजला, मग नव्या खोलीचं दार मोजलं आणि म्हणाला, “वळत नाही, पण सरळ जाईल. दारासमोर दार आहे. चौकट काढतो.”

स्वतःच्या हाताने आदल्या दिवशी बसवलेली चौकट त्याने उखडली. पाय काढलेला सोफा सगळ्यांनी मिळून ढकलला आणि तो सरळ रेषेत घरात शिरला, दिवाणखाना ओलांडून काकांच्या खोलीत गेला आणि भिंतीला भिडून थांबला. दाराकडच्या टोकाला अर्धा फूट जागा उरली. समोर एक फूट. ओढून पलंग करायला जागाच नव्हती. त्याला यापुढे जन्मभर सोफाच राहावं लागणार होतं.

“पलंग करायची गरज नाही मग,” मिस्त्री म्हणाला.

“नाही,” काका म्हणाले. “यावर मी पसरतो की.”

ते खरंच त्यावर पसरले. पाय पूर्ण मावले.

दोघं त्या घरात राहायला आले त्याला आता वर्ष होत आलं. मोहरी रंगाचा सोफा काही आला नाही. लिनचा राग गेला तेव्हा दुकानात तो उरला नव्हता. दिवाणखान्यात घडीचं टेबल आहे आणि दोन स्टुलं आहेत. घरात मऊ बसायची जागा एकच, ती काकांच्या खोलीत. त्यामुळे लिन पाळी संपवून आली की आंघोळ करते, केस पुसत काकांच्या दारावर टकटक करते आणि सोफ्याच्या एका टोकाला पाय वर घेऊन बसते. खोली इतकी अरुंद की समोर बघायला फक्त भिंत आहे. म्हणून दोघं बोलतात. आज कोणाचा हात मोडला, कोणत्या म्हाताऱ्याने एक्स-रे काढताना श्वास रोखण्याऐवजी डोळे मिटले, असं काहीबाही ती सांगते. काका त्यांना आठवतील ते चोर सांगतात. एक बाई पोटाशी बाळ म्हणून हॅम बांधून न्यायची, ते ऐकून लिन इतकी हसली की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

पुनबाई घर बघायला आल्या. सोफा दाबून म्हणाल्या, “स्प्रिंग हलकी आहे. फसवलं तुम्हाला.” काकांनाही तसंच वाटत होतं.

बिंग मिस्त्रीचं काम संपलं, पण येणं संपलं नाही. आधी चौकट पुन्हा बसवायला आला. मग रंग कोपऱ्यात सुटला म्हणून आला. मग बिजागरी करकरते म्हणून आला, आणि बिजागरी तर काकांनी स्वतः तेल घालून गप्प केलेली होती. गेल्या रविवारी तो बिजागरीसाठीच पुन्हा आला. हातात हत्यारांची पेटी, आणि पेटीवर लिचीचा मोठा घड. अंगात इस्त्रीचा शर्ट.

काकांनी शर्टाकडे पाहिलं, लिचीकडे पाहिलं, आणि दिवाणखान्यात अकारण टेबल पुसत असलेल्या लिनकडे पाहिलं.

“मिस्त्री, आत सोफ्यावर बसा,” ते म्हणाले. “बिजागरी कुठे पळून जात नाही. मी जरा खाली फिरून येतो.”

“बाबा, ऊन आहे,” लिन म्हणाली.

“टोपी आहे.”

ते खाली डोंगराच्या बाजूच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारून आले, मग उगाच तिसरी मारली. वर आले तेव्हा मिस्त्री गेला होता. टेबलावर बशीत लिचीच्या बिया होत्या, आणि त्यांच्यासाठी म्हणून निम्मा घड राखून ठेवलेला होता. काका बसले आणि एक लिची सोलली.

“झाली का नीट बिजागरी?” त्यांनी विचारलं.

“नाही,” लिन सिंकमध्ये कप धुता धुता म्हणाली. “पुढच्या रविवारी परत यावं लागेल म्हणाला.”

“हं,” काका म्हणाले, आणि दुसरी लिची घेतली.